बांगड्यांचा आहेर

पोलीस साहेबानं बूट माझ्या बांगड्यांच्या टोपलीत घातला. मी "काच आहे साहेब" म्हटल्यावर घातला.

"जंगलातल्या नक्षल्यांना काय पोचवतेस गं? खाली काय लपवलंय?"

खाली चिंध्या होत्या, काच आदळू नये म्हणून. त्यानं बुटानंच उलथापालथ केली. हिरव्या माळा करकर मोडल्या. मी हात मध्ये घातला तशी लाठी मनगटावर बसली. दुसरी कानशिलावर. कानात नुसती शिट्टी वाजत राहिली.

"उचल आता. हातानं. रस्त्यावर एक तुकडा दिसता कामा नये."

काचा उचलल्या. चिंध्यांत बांधल्या. रक्त कोपरापर्यंत ओघळलं, आणि तो सिगारेट ओढत बघत होता.

गोंडपिपरीहून बसनं उतरायचं, मग पायी जंगलातली गावं करायची. सासू गेल्यावर हा धंदा माझ्याकडे आला. साहेबानं मला जिथं अडवलं त्या गावातली एकही नवरी माझ्या हातून चुडा भरल्याशिवाय मांडवात गेली नाही. मी मुसलमान, त्या हिंदू. तरी चुडा भरून झाला की डोक्यावर पदर घेऊन माझ्या पाया पडतात. रीतच आहे. बांगडी फुटली असं तोंडातून काढायचं नाही, वाढवली म्हणायचं, हीसुद्धा रीत. त्या दिवशी त्याच बाया दाराआडून बघत राहिल्या. एकही बाहेर आली नाही. मला लाठीपेक्षा ते जास्त लागलं.

आणि सरकारकडून? खोटं कशाला बोलू, आशा होती. शाळेत झेंड्यापुढे हात लांब करून मीही प्रतिज्ञा म्हटली होती. त्याच हाताला आता टाके पडले.

मग तालुक्याचे पुढारी घरी आले. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मागे चार पोरं.

"बाई, लय वाईट झालं. आमी सोडत नाई त्याले. उद्या मोर्चा काढून राह्यलो."

माझा जीव हरखला. कोणी तरी विचारायला आलं होतं.

"मले बी येऊ द्या भाऊ. काय झालं थे मीच सांगीन."

"तुयं काय काम थ्या गर्दीत? तू फक्त बांगड्या दे, चांगल्या हिरव्या. भर चौकात त्याले आहेर करतो. बायल्या साला!"

पोरं खिदळली. मी माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं. साहेबानं बांगडी बुटाखाली घातली. हे आता तिची शिवी करणार होते. बांगड्या घातलेले हात चिखलात धान रोवतात, बाळंतिणीला सोडवतात, सरपणाच्या मोळ्या वाहतात. आणि यांना कोणाची इज्जत काढायची तर तीच बांगडी लागते. अंगाची आग आग झाली.

"नाई देत."

"काऊन? फुकट मांगून राह्यलो का?"

"ज्या हातानं मले मारलं त्या हातात बांगडी नव्हती, भाऊ. मंग बांगडीले काऊन बदनाम करता?"

"तुमच्या लोकाईचं भलं कराले जावं तरी..." असं म्हणत त्यांनी खुंटीवरच्या माळेला हात घातला. मी दाराचा अडसर उचलला. दुसऱ्याच्या अंगावर आयुष्यात पहिल्यांदा काही उगारलं. त्यांनी हात काढला नसता तर हाणलंच असतं. आजही सांगते, हाणलं असतं. शिव्या देत गेले.

मी चिंध्यांतलं ते गाठोडं घेतलं आणि एकटीच ठाण्यावर गेले. गावातल्या बाया नाहीत, मोर्चा नाही. टेबलामागच्या शिपायानं मान वर केली.

"काऊन आली बाई? साहेब कामात हायेत."

"तक्रार लिवाची हाये."

"कायची?"

मी गाठोडं टेबलावर सोडलं. काचा त्याच्या कोपरापर्यंत घरंगळल्या. तो दचकून मागे सरला.

"फोडल्या," मी म्हणाले. "तुमच्या साहेबानं फोडल्या. माया हात बी फोडला. लिवा. आज नाई लिवलं त उद्या येईन. रोज येईन."