रंग पुसेपर्यंत

घाटकोपरच्या त्या इमारतीत लवू परबाला शहाणा असं कुणी म्हटलं नाही. आयुष्यभर लोकांची नळदुरुस्ती केलेला, बडबड्या माणूस. पण वर्षातून एकदा मंडळाच्या नाटकात तो विदूषक व्हायचा, आणि तेव्हा भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. कारण गावाकडून आलेली रीतच तशी होती. विदूषकाच्या तोंडाला रंग आहे तोवर त्यानं काहीही बोलावं, कुणी रागावायचं नाही. मग राजा झालेल्यानं स्वतः खोबरेल आणून द्यायचं, विदूषकानं रंग पुसायचा, की बोललेलं सगळं संपलं. पुन्हा तो विषय काढायचा नाही. मोठी सोयीची रीत! खरं ऐकायचंही आणि पुसूनही टाकायचं.

नाटक दरवर्षी एकच, कुणाचं न ऐकणाऱ्या राजाचं. राजा व्हायचा मंडळाचा अध्यक्ष सीताराम सावंत. यंदा त्यानं तळमजल्यावरचे आपले दोन गाळे एक केले आणि मधला खांब काढून टाकला. वर पहिल्या मजल्यावर त्याचंच घर. तिथे नळ दुरुस्त करायला गेलेल्या लवूनं भिंतीला तडा गेलेला पाहिला. त्या भिंतीलगतच सीतारामची नात श्रुतिका झोपायची. लवूनं सांगून पाहिलं. सीताराम हसून म्हणाला, "ह्या नाटकात बोल."

लवू नाटकात बोलला. "महाराज, राजवाड्याचो एक पाय खय गेलो? लंगडो वाडो किती दिस उभो रवतलो?"

प्रेक्षक हसून लोळले. राजाही हसला. पडदा पडल्यावर त्यानं खोबरेलाची बाटली पुढे केली. लवूनं ती घेतलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तो रंगल्या तोंडानं गाळ्याच्या उंबऱ्यावर येऊन बसला. रंग होता तोवर विषय संपणार नव्हता. पोरं आधी खिदळली, मग बिचकली. बायका पदर सावरून भरभर पुढे जाऊ लागल्या. ते पांढरं तोंड आपल्या दारात कुणालाच नको होतं.

दुपारी सीताराम चार जणांना घेऊन आला. "पुरे कर रे लवल्या. लोका हसतत."

"आता खय हसतत? तुझी नात थय निजता. तिका आधी भायर काढ, मगे पुसतंय."

सीतारामनं खूण केली. चौघांनी लवूला धरलं. सीतारामनं ओंजळभर तेल त्याच्या तोंडाला चोळलं आणि फडक्यानं रंग खरवडून काढला. लवू धडपडला नाही, फक्त रडला. खाली त्याचा साधा, म्हातारा, तेलकट चेहरा निघाला. सगळ्यांना हायसं वाटलं. विषय संपला होता.

तेवढ्यात वरून बारीक चुना गळू लागला. लवूच्या तेलकट चेहऱ्यावर तो बसत गेला आणि बघता बघता तोंड पुन्हा पांढरं झालं.

फडकं हातात घेऊन सीताराम वर बघत राहिला. श्रुतिका नुकतीच शाळेतून येऊन झोपली होती.