झाकणावरची बटणं

मला उष्टं खपत नाही. लग्न होऊन जऊळक्याला आले तेव्हापासूनचा हा माझा रोग, आणि घरातल्या सगळ्यांनी तो मुकाट सोसलाय. सर्वांत जास्त माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. आमची घरं एकाच अंगणात, मधे फक्त एक भिंत. त्यांना आम्ही सगळे ‘बाई’ म्हणतो.

काचबिंदूनं बाईंचे दोन्ही डोळे गेले, तरी त्यांनी स्वयंपाक सोडला नाही. एकट्या राहायच्या. भाजी चिरायच्या, भाकरी थापायच्या, सगळं हातानं चाचपून. फक्त डबा उघडला की त्यात बोट बुडवून जिभेला लावायच्या. हे मीठ, ही साखर. आणि तेच बोट पुन्हा डब्यात! माझं डोकं फिरायचं.

“बाई, सारं उष्टं होते न!”

“मंग मले समजन कसं? तुह्या डोयानं पाहू का?”

त्यांचं खरंच होतं. बाजारातल्या पुड्यांवर, बाटल्यांवर जे काही छापलेलं असतं, ते सगळं डोळसांसाठी. खोकल्याचं औषध आणि पिकावर फवारायचं औषध, बोटांना दोन्ही बाटल्या सारख्याच. मी वाशीमला अंध मुलांना शिकवणाऱ्या एका शिक्षकांकडून ब्रेलच्या चिकटपट्ट्या करून आणल्या. धीर मला कधीच नव्हता. आल्या आल्या सगळ्या डब्यांना चिकटवूनही मोकळी झाले. बाईंनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. जन्मभर निंदण आणि कापसाची वेचणी केलेली ती बोटं. त्यांना ते बारीक टिपके वेगवेगळे ओळखता येईनात.

“हे तं घामोळ्यावानी लागून राह्यलं,” त्या म्हणाल्या.

मग मी शिवणाची पेटी काढली. साखरेच्या झाकणावर कोटाचं एक मोठं बटण, मिठाच्या झाकणावर सदऱ्याची दोन लहान, तिखटावर हूक, हळदीवर मणी. गोळ्यांच्या डब्यांना रबर, सकाळच्याला एक आणि संध्याकाळच्याला दोन. दोन दिवसांत बाईंना सगळं पाठ झालं. मी प्रत्येक डब्यात चमचा ठेवला आणि त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, की यापुढे बोट जिभेला लावायचं नाही. त्यांनी केवळ माझ्यासाठी ऐकलं. मी मात्र गल्लीभर मिरवून आले. बायकांना बोलावून बोलावून डबे दाखवले.

त्यांचा मुलगा नागपूरला नोकरीला. दर खेपेला तो म्हणायचा, माय, माझ्याकडे चल, एखाद दिवशी भलतंच काही पोटात जाईल. बाई हसून टाळायच्या. तिकडे आपल्याला एका खोलीत बसवून ठेवतील, चुलीपाशी कुणी जाऊ देणार नाही, हे त्या ओळखून होत्या. या दिवाळीनंतर मात्र तो न्यायचं ठरवूनच आला.

“आधी माह्या हातचा चहा पे, मंग बोल,” बाई म्हणाल्या.

पाहुणा यायचा म्हणून त्या सकाळी मी बाईंचे सगळे डबे घासले, उन्हात वाळवले, पुन्हा भरून ठेवले. घाईघाईत. डबे सगळे एकाच मापाचे, स्टीलचे.

चहा आम्ही तिघांनी घेतला. पहिल्याच घोटाला कळलं. खारट ढोण! पुतण्यानं कप खाली ठेवला. तो रागावला नाही, त्याचे डोळे भरून आले.

“माय, आता पुरे झालं वो. आज मीठ गेलं, उद्या फवारणीचं औषध जाईन.”

मी ओट्याकडे पाहिलं. मोठ्या बटणाचं झाकण काढून ठेवलेलं आणि शेजारच्या डब्यात मीठ. झाकणं मीच उलटीपालटी लावली होती. मी उठले, कप विसळायचं निमित्त केलं आणि आवाज न करता दोन्ही झाकणं जागच्या जागी बसवली. का केलं? गल्लीभर मिरवले होते ना. दुसरं काही कारण नाही.

थोड्या वेळानं बाई ओट्याशी गेल्या. एक बटण चाचपलं, डबा उघडून चाखलं. साखर. दोन बटणं चाचपली, चाखलं. मीठ. सगळं बरोबर. त्यांनी पुन्हा चाचपलं, मग पुन्हा. चेहरा उतरत गेला.

“चाल बा, येतो म्या,” त्या मुलाला म्हणाल्या. “माह्या बोटाईचा आता भरोसा नाई राह्यला.”

तो साड्या पिशवीत भरू लागला. मी माझ्या घरी येऊन कणीक मळायला घेतली, पण हात चालेना. भिंतीपलीकडून डब्यांची झाकणं उघडल्याचे, लावल्याचे आवाज येत होते. त्या अजून तपासतच होत्या. माझ्यानं ऐकवेना. तशीच, कणकेच्या हातानं गेले.

“बाई, तुमचं नाई चुकलं. डबे म्या घासले. झाकणं म्याच उलटी लावली, अन् चहा झाल्यावर गुपचूप सारखी केली.”

“काकू, तुमी?” एवढंच पुतण्या म्हणाला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाई ओरडल्या नाहीत. मुलाला म्हणाल्या, “पिशवी खाली कर. अन् हे बटनं काढ झाकनावरचे. झाकन कोनत्याबी डब्यावर बसते. निशानी डब्याच्या अंगाले पाह्यजे.”

त्यानं साड्या कपाटात ठेवल्या. मग पाटावर बसून एकेक बटण सोडवलं आणि आईला विचारून विचारून डब्यांच्या अंगावर चिकटवलं. नागपूरचं नाव पुन्हा निघालं नाही. मी दारातच उभी होते.

“इकडे ये,” बाईंनी मला हाक मारली आणि दोन्ही हात पुढे केले. “दोन घंटे म्या माह्या बोटाईले शिव्या देल्या. आता माग त्याईची माफी.”

मी ते हात धरले आणि पुतण्याच्या देखत, मोठ्यानं माफी मागितली. मला रडू आवरेना. बाईंनी हात काढून घेतले नाहीत.