संत्र्याकडे वळवलेलं पाणी

ईशान, रेवा, तेरावं झाल्यावर तुम्ही फोनवर विचारलंत, आजोबांनी वाजवलेलं काही आहे का? मी "बघते" म्हणून फोन ठेवला. बघण्यासारखं काही नव्हतं, सांगण्यासारखं होतं. ते तोंडाने सांगवत नाही, म्हणून लिहिते आहे.

घाटंजीच्या घरातला तो गिटारचा ॲम्प तुम्ही पाहिला आहे. आत काचेचे वाल्व, चालू केला की मंद केशरी उजेड. आजोबा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते आणि सुटीला लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा तेवढा ॲम्प घरी आला. रेवाच्या लग्नासाठी एक धून रेकॉर्ड करून पाठवायची, हे त्यांनी माघातच ठरवलं होतं. चैत्रात ॲम्प गुणगुणायला लागला. घूंऽऽ... थांबेचना.

ते हटून शोधत बसले. एकेक वाल्व काढायचा आणि आवाज कुठे थांबतो ते ऐकायचं. पहिलाच वाल्व काढला की गुणगुण बंद. "म्हंजे खराबी याच्याही आंधी हाये. गिटारमंधी, नाही त वायरीत." वायर बदलली, गिटार उघडून आतले सगळे सोल्डरचे डाग पुन्हा लावले. फरक नाही. मी म्हटलं, "अहो, थोडासा तर आवाज आहे, असू द्या." "असं घूं घूं नातीच्या लग्नात पाठवू? लोक म्हनतीन, बुढ्याच्या गिटारमंधी भुंगा शिरला." तेव्हा दोघेही हसलो. वैशाखात हसणं संपलं. "मायाच हात गेला वं," एवढं म्हणून त्यांनी गिटारवर चादर टाकली. त्याच महिन्याच्या शेवटी झोपेतच गेले.

ज्येष्ठात देवीदास भेटायला आला. नेरचा रेडिओ मेकॅनिक, ऑर्केस्ट्रातला त्यांचा जोडीदार. त्याने चादर काढली, ॲम्प लावला, गिटारच्या तारांवर बोट ठेवून ऐकलं आणि उठून मागच्या दारी गेला. घराच्या अर्थिंगची तार तिथे खड्ड्यात पुरलेली आहे. माती वाळली तर ती तार असून नसल्यासारखी, आणि मग ॲम्प गुणगुणतो.

"वहिनी, इथं पानी कोन टाकते?"

"कोणीच नाही. कधीच नाही."

"मंग इतकी वर्सं हे ओलं कायनं राहे?"

मला कळलं. भांड्यांचं पाणी मोरीतून तिथेच मुरत असे. नळ आठवड्याने येऊ लागला, तेव्हा फाल्गुनात मीच नळी टाकून ते संत्र्याच्या झाडाकडे नेलं. उतार नीट दिला म्हणून आजोबांनी माझं कौतुक केलं होतं...

देवीदासने दोन बादल्या ओतल्या. थोड्या वेळाने गुणगुण गेली. संत्र्याला यंदा बहर चांगला आहे, मी तिकडे बघत नाही.

माझ्या फोनमध्ये वैशाखातलं एकच रेकॉर्डिंग आहे. त्यात सूर एकही नाही. बराच वेळ गुणगुण आहे, आणि शेवटी त्यांचा आवाज, "बंद कर वं." एवढंच राहिलं आहे.