कागदात बांधलेल्या बांगड्या

चूक माझीच. शिरड शहापूरच्या आठवडी बाजारात मी बायकांच्या हातात बांगड्या भरतो. हिरव्या साडीतली, पावडरीखाली दाढीची छटा दिसणारी एकजण बायकांमध्ये येऊन बसली आणि तिने हात पुढे केला. मी तो धरलाच नाही. बांगड्या कागदात गुंडाळून दिल्या.

"मामा, त्याच्या मापाच्या हायत का?" एक बाई हसली.

हिरव्या साडीवालीने पुडी सोडून बांगड्या माझ्यापुढे ठेवल्या. "हात दांडगा हाय, पण बाईचाच हाय. साऱ्यांना भरल्या, मला काहून बांधून दिल्या? भरा, बसले मी."

पदर सावरून ती हात पुढे धरून बसून राहिली. मला माझीच लाज वाटली. मी तिचा हात धरला, बोटं हलकेच दाबून एकेक बांगडी चढवली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "चुकलं माझं, लेकी."