मिस-इंग

सुमनकाकूंना अख्खा इंग्रजी शब्द चालायचा नाही. "तोड गो आधी," म्हणत त्या आमच्या पडवीत पाय पसरून बसायच्या. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून शेजारच्या काकूंची ही शिकवणी माझ्याकडे. त्यांचा एकुलता एक प्रशांत मालवाहू जहाजावर होता. त्याच्या मेसेजमध्ये इंग्रजी शब्द असत, आणि मुलाचे मेसेज दुसऱ्या कुणी वाचून दाखवलेले काकूंना खपत नसे.

मी मध्ये छोटी आडवी रेघ देऊन शब्द लिहायची. काकू रेघेवर बोट ठेवून थांबत, अर्थ विचारत आणि मग स्वतःचा लावत. "सिग-नल म्हणजे असला तर पोराचा आवाज, नसला तर घोर." "हॉलि-डे म्हणजे प्रशांत घरात, आणि नेमकी तेव्हाच सुरमई महाग." शेवटी 'इंग' आलं की काम अजून चालू आहे असं समजायचं, हे मी सांगितलं तेव्हा त्या फार खूश झाल्या. 'कम-इंग, कम-इंग' घोकतच घरी गेल्या. प्रशांत पुढच्या महिन्यात येणार होता.

त्याआधीच कंपनीतून फोन आला. वादळात प्रशांत डेकवरून दिसेनासा झाला होता. काकू फोन हातात घट्ट धरून माझ्याकडे आल्या.

"मिसिंग म्हणाला तो. तोड."

"मिस-इंग," मी म्हटलं. "सापडत नाही."

"गेला, असं नाय ना त्यात?"

"नाही."

"आणि इंग हाय. म्हणजे शोधतायत अजून."

मी होकाराची मान हलवली. दुसरं काय करणार होते?

पुढे शोध थांबवल्याचं कंपनीनं कळवलं. ते काकूंनी मानलंच नाही. समाचाराला आलेल्या बायकांना त्या चहा द्यायच्या आणि समजावायच्या, "गेला नाय म्हणालेत. मिस-इंग म्हणालेत." कपाटातले त्याचे शर्ट दर पावसाळ्यानंतर उन्हात घालायच्या.

अशी काही वर्षं गेली. प्रशांतच्या वडिलांचं, काकांचं, हृदय थकत चाललं होतं. एका संध्याकाळी माझ्यासमोरच ते काकूंना म्हणाले, "माझे हातपाय चालतायत तोवर त्याचं करू दे गो. माझ्यामागं कोण करील?"

काकूंनी मांडीवरच्या त्याच्या शर्टाची घडी पुरी केली. मग म्हणाल्या, "करा."

भाट्याच्या किनाऱ्यावर गुरुजींनी देहाच्या जागी दर्भाचा पुतळा केला. काकूंनी आणलेला प्रशांतचा शर्ट त्यावर पांघरला. तो खूपच मोठा झाला, बाह्या वाळूत लोळू लागल्या. काकूंनी वाकून त्या नीट आत दुमडल्या.

अग्नी द्यायची वेळ झाली तेव्हा त्या पुढे आल्या. "गुरुजी," त्या हळूच म्हणाल्या, "त्याला पोहता येत होतं. चांगलं पोहता येत होतं."

गुरुजींनी मंत्र थांबवला. काकांच्या हातातली काडी न ओढताच राहिली. काकूंनी काही वेळ समुद्राकडे पाहिलं. मग काकांच्या हाताला आपला हात लावला, आणि दोघांनी मिळून पेटवलं.