नापसंत कारकून, पसंत अधिकारी

करमाडच्या कृष्णाला एक खोड होती. कुणी चुकीचं बोललं की ते दुरुस्त केल्याशिवाय त्याला चहा गोड लागायचा नाही. तहसील कचेरीत या खोडीला काटेकोरपणा म्हणत. घरी आई, आशाबाई, करंटेपणा म्हणायची.

गेल्या दिवाळीत शेंद्र्याच्या तात्यासाहेबांनी त्याला नाकारलं होतं. जमीन एमआयडीसीत गेल्यापासून तात्यासाहेबांच्या दारात मोठी गाडी आली होती, आणि जावईही त्या गाडीशेजारी शोभेल असा हवा होता. "पोरगा चांगलाय," ते म्हणाले होते, "पण अव्वल कारकून म्हून भावकीत सांगू कसं?" त्यांची राजनंदिनी मात्र दाराआडून कृष्णाकडं बघून हसू दाबत होती. तेवढ्या हसण्यावर गड्यानं अख्खा उन्हाळा काढला.

मग सरकारनं पदाचं नाव बदललं. अव्वल कारकुनाचा सहायक महसूल अधिकारी झाला. खुर्ची तीच, पंख्याची करकर तीच, साहेबांचं ओरडणंही तेच. पण मध्यस्थाचा फोन आला, "शेंद्र्याला स्थळ हाय. अधिकारी जावई पायजे त्यान्ला."

"आई, हे तेच तात्यासाहेब हायेत!"

"मग? शर्टबी तोच घाल. आन तिथं तोंड उघडायचं नाय. औंदा बिघडवलंस तर तुझं तू बघ."

तात्यासाहेबांनी दारातच हात जोडले. "या साहेब! कुठंतरी बघितल्यावाणी वाटतंय."

"कचेरीत आसंल," आशाबाईनं झटकन सावरलं.

भावकीतली मंडळी मुद्दाम बोलावून बसवली होती. तात्यासाहेबांनी छाती काढून सांगितलं, "हे आमचे होणारे जावई. डेप्युटी कलेक्टरच समजा."

आशाबाईचा पाय कृष्णाच्या पायावर पडला. कृष्णानं ओठावर आलेली दुरुस्ती गिळली.

राजनंदिनी चहा घेऊन आली. ती एमपीएससीचा अभ्यास करत होती. पदाच्या नावाची गंमत तिला ठाऊक होती आणि हा चेहराही. "साहेब, निजामाच्या राज्यात इथं कलेक्टरला काय म्हणायचे?"

"अव्वल तालुकदार."

"मग ते अव्वल गेलं कुठं?"

आशाबाईनं पाय आणखी जोरात दाबला. पण सवालच असा होता!

"निजाम गेला. आपण आधी हैदराबाद राज्यात ऱ्हायलो, मग मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात. तालुकदाराचा जिल्हाधिकारी झाला. अव्वल तेवढं कारकुनाच्या नावात ऱ्हायलं. आता तिथूनबी गेलं."

"म्हंजे तुम्ही कारकून?" भावकीतला एक म्हातारा पुढं सरकला.

"व्हय. डेप्युटी कलेक्टर लई लांब, मी नायब तहसीलदाराच्याबी खाली. तात्यासाहेब, तुम्ही दिवाळीला नाकारलेला तोच मी."

तात्यासाहेबांचा कप बशीत वाजला. आशाबाईनं पिशवी उचलली.

"बसा मावशी," राजनंदिनी म्हणाली. "तात्या, मला पसंत हाय."

"अगं, पण भावकीत सांगू कसं?"

"भावकी हितंच बसलीय. आता कुणाला सांगायचं ऱ्हायलंय?"

म्हातारा खो खो हसला. तात्यासाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, आणि गुमान तोंड गोड करायला साखर मागवली.

"पण एक हाय," ती कृष्णाकडं वळली. "उद्या मी नायब तहसीलदार झाले तर कचेरीत मला मॅडम म्हणावं लागंल. चालंल?"

"चालंल की. पण आधी पूर्वपरीक्षा, मग मुख्य, मग मुलाखत..."

या वेळी राजनंदिनीनं हसू दाबलं नाही. दाबायचं काम एकट्या आशाबाईच्या पायाकडं उरलं.