टिचकीमावशी आणि विहीणबाईंची फुलदाणी

भंगाराच्या गोदामात तिला सगळे टिचकीमावशी म्हणत. बावीस वर्षं ती प्लास्टिक निवडत होती. टिचकी मारली की आवाजावरून ओळखायची, अडलंच तर तुकडा पाण्यात टाकायची. बादलीचं तरंगतं, पाण्याच्या बाटलीचं आणि नळाच्या पाइपचं बुडतं. पाइपचा एवढासा तुकडा बाटल्यांत गेला तरी सगळा माल वाया, म्हणून मालकसुद्धा तिच्या शब्दाबाहेर नसे.

लेकीने मात्र होणाऱ्या सासरी सांगून ठेवलं होतं, की आई कारखान्यात ‘तपासणी विभागात’ असते. भंगार म्हटलं तर जमलेलं लग्न मोडेल, ही धास्ती.

आज दोघी पहिल्यांदाच तिथे चालल्या होत्या. विहीणबाईंच्या जिन्यातच लेकीने बजावलं, “आई, तिथे कशालाही टिचकी मारायची नाही हं!”

“नाही गं बाई, हात बांधून बसते.”

दोघी घरात शिरताच विहीणबाईंनी फुलदाणी दाखवली. “सासूबाईंनी जाताना माझ्या हातात दिली. अस्सल काच.” मावशीचं बोट शिवशिवलं. लेकीने डोळे वटारले. मावशीने हात मांडीखाली दाबला.

विहीणबाईंचे गुडघे धरलेले. शेकायची पिशवी फुटली होती, म्हणून त्यांनी सरबताच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत उकळतं पाणी ओतायला घेतलं.

“अहो, थांबा! आकसेल ती, हात भाजेल!” मावशीने बाटली हिसकावून मोरीत टाकली. आत गेलेल्या घोटभर पाण्यानेच बाटलीचं तोंड वाकडं झालं होतं. “बुडाशी त्रिकोणात आकडा असतो, बघा. हिच्यावर एक आहे, ही फक्त थंड पाण्याची. तो फळीवरचा डबा घ्या, त्याच्या बुडाशी पाच असणार, तो उकळतंही सोसेल.”

“तुम्हाला हो कसं ठाऊक?”

लेकीचा चेहरा पडला. आता लपवण्यात काय हशील होतं?

“भंगार निवडते मी. बावीस वर्षं.”

विहीणबाई उठल्या. मग फुलदाणी घेऊन आल्या. “मग हेही सांगा. जावेला सासूबाईंनी बांगड्या दिल्या, मला ही. प्लास्टिकची आहे म्हणून घरात सगळे हसतात. खरं सांगा, काच आहे ना?”

मावशीने टिचकी मारली. टप्. प्लास्टिक, त्यात शंकाच नको.

“काच आहे,” ती म्हणाली. “पातळ आहे, म्हणून हलकी लागते. जपा.”

विहीणबाईंनी डोळे टिपले. “लग्नाची तारीख आजच ठरवू या,” त्या म्हणाल्या.

बावीस वर्षांत मावशीने पहिल्यांदाच खोटा माल खरा म्हणून सोडला. लेक त्या टिचक्या ऐकतच मोठी झाली होती. तिने आईचा हात धरला, तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही.